कारणाच्या चौकटीत एक टिंब

सेलू
९ जानेवारी २०२५

चि. धम्मशीला हिस,
सप्रेम जयभीम.

पत्राला फार उशीर झाला, माफ कर. किती झाला ते लिहायचीही लाज वाटते. कागद चार वेळा पुढ्यात घेतला आणि चार वेळा ठेवून दिला. आता पत्रं कोण लिहितं असं लोक म्हणतात, पण तू माझा फोन उचलत नाहीस. आणि उचललास तरी फोनवर मला धड बोलता येत नाही. समोरचा हूं हूं करायला लागला की मी भलतंच काहीतरी बोलून बसतो.

इकडे सगळं ठीक आहे. तुझ्या आईचे गुडघे थंडीने धरले आहेत. जुनं छपाईचं मशीन मी अजून भंगारात दिलेलं नाही. त्यावर आई पापड वाळवते आणि वर मलाच विचारते, "ह्याचा आजून काय उपेग हाय, सांगा बरं?"

आता कामाचं लिहितो. देवगाव फाट्यावर पिठाची गिरणी चालवणाऱ्या दगडाबाई तुला आठवत असतील. त्यांच्या थोरल्या मुलीची, माधवीची, पत्रिका आपण छापली होती. आता धाकट्या वैष्णवीचं लग्न ठरलं आहे, २ मार्चला. मायलेकी दुकानात येऊन गेल्या. तू करून दिलेल्या प्रोग्रामवर त्यांनी स्वतःच माधवीच्या पत्रिकेचा जुना नमुना उघडला, नावं बदलली. पण खालची निमंत्रकाची चौकट, जिथे घरातल्या बोलावणाऱ्या माणसाचं नाव येतं, ती उघडत नाही. दगडाबाईंना तिथे स्वतःचं नाव घालायचं आहे. मालक वारले आहेत, दोन्ही पोरी त्यांनीच वाढवल्या, तर त्यांचं म्हणणं काही चूक नाही.

प्रोग्राममध्ये काही बिघाड झाला असेल. मी कशाला हात लावलेला नाही. ती चौकट कशी उघडायची तेवढं कळव.

तब्येतीला जप. बाहेरचं खाऊ नकोस.

तुझा बाबा
आश्रुबा

---

सेलू
२१ जानेवारी २०२५

चि. धम्मशीला,
सप्रेम जयभीम.

पत्र मिळाल्याचं आईकडून कळलं. मला उत्तर नाही, पण आईजवळ तू निरोप दिलास तो पोचला. "बाबांना म्हणावं, चौकटीला बोट लावा आणि काय लिहून येतं ते वाचा." निरोप सांगताना आई माझ्यावरच उखडली. "दोघं बी एकाच मापाची हायेत. मी काय पोष्टाचा डबा हाय का?"

मी बोट लावलं. खरं तर माझ्या आधी वैष्णवीने लावलं. १८ तारखेला त्या दोघी परत आल्या होत्या. तू आणून दिलेला टॅब दगडाबाईंनी मांडीवर घेतला होता, पीठ लागू नये म्हणून पदर खाली अंथरून. वैष्णवीने करड्या चौकटीला बोट लावलं आणि वर आलेलं वाचायला लागली. "ही चौकट छापखान्याने बंद केली आहे. कारण." एवढं वाचून ती थांबली.

"वाच की," दगडाबाई म्हणाल्या.

"टिंब हाय."

"टिंब म्हंजी?"

"कायच लिहिलेलं न्हाई, आई. नुसतं टिंब दिलंय."

"म्हंजी कायच न्हाई म्हणून बंद हाय व्हय? अन् फुडं काय लिव्हलंय?"

"बदल हवा असल्यास आश्रुबांना विचारा."

दगडाबाईंनी माझ्याकडे मान वळवली. "मग इचारते. आश्रुबा भाऊ, माझं नाव टाका."

मी म्हणालो, शीलाला पत्र लिहिलंय, तिचं उत्तर येऊ द्या. त्यांनी टॅब उचलून टेबलावर ठेवला, पदर झटकला आणि वैष्णवीला म्हणाल्या, "चल. हितं इचारा म्हणत्यात, अन् इचारलं की पुण्याला पत्र टाकत्यात."

त्या गेल्यापासून मला तो महिना आठवतोय, तू प्रोग्राम बनवताना दुकानात स्टुलावर बसून राहिलीस तो. पहिल्यांदा तू बनवलास तेव्हा बंद चौकटीला बोट लावलं की काहीच व्हायचं नाही. पेडगावचे एक मास्तर आले होते. त्यांना गणपती जरा डावीकडे हवा होता. त्यांनी बोट लावलं, परत लावलं, बोट पँटीला पुसून परत लावलं आणि शेवटी म्हणाले, "माज्या बोटात करंट ऱ्हायला न्हाई बगा आता." मी हसलो. तू हसली नाहीस. वहीत लिहिलंस, "मास्तर, अकरा वेळा." रात्री जेवतानाही तू त्याच विचारात होतीस.

मग तू चौकटींना रंग दिलेस. पिवळी म्हणजे गिऱ्हाइकाची, काहीही लिहा. निळी म्हणजे फोटो बदला, पण जागा हलणार नाही. करडी म्हणजे छापखान्याची. आणि करडीला बोट लावलं की का बंद आहे ते सांगायचं, कोणाला विचारायचं तेही सांगायचं. मी विरोध केला होता. गिऱ्हाइकाला कशाला कारणं द्यायची, छापखाना आपला आहे, असं म्हणालो होतो. तुझं उत्तर मला शब्दाला शब्द आठवतं. "बाबा, बंद असू द्या. पण माणसाला कळू द्या की चौकट बंद हाय, आपलं बोट चुकलेलं न्हाई."

मला ते पटत नव्हतं, कारण मी जन्मभर उलटंच शिकलो. सातवी नापास झाल्यावर छापखान्यात लागलो आणि चाळीस वर्षं अक्षरांचे खिळे जुळवले. मजकूर लोखंडी चौकटीत ठोकून कसला नाही, तर उचलताना सगळी अक्षरं फरशीवर सांडतात. बंद केलेलं चांगलं, सैल ठेवलेलं वाईट, एवढंच या हातांना ठाऊक. त्यात तू आणखी एक केलंस. कारण लिहिल्याशिवाय कुलूप लागणारच नाही, असं करून ठेवलंस. मग मी एकेक कारण लिहून काढलं. "गणपती हलवल्यास तारीख झाकली जाते." "बुद्धांची प्रतिमा मजकुराच्या खाली नेऊ नये." "काठाची नक्षी कापताना जाते." आणि प्रत्येकाच्या खाली, आश्रुबांना विचारा. आलेल्या माणसाला मी ते मुद्दाम दाखवायचो.

ते टिंब माझ्याच हातून पडलं असेल. लग्नसराई होती, घाई होती. एखाद वेळेस बोट लागून कुलूपही माझ्याकडूनच लागलं असेल. असं होऊ शकतं ना?

तू काही बोलत नाहीस, त्यामुळे मला नीट झोप येत नाही. आईला असं सांगू नकोस.

तुझा बाबा

---

सेलू
२७ जानेवारी २०२५

धम्मशीला,
जयभीम.

मागच्या पत्रात मी दोनदा "असेल" लिहिलं. ते खोडून वाच. कुलूप मीच लावलं. टिंबही मीच दिलं. बोट चुकून लागलं नाही.

दोन वर्षांमागे, २०२३ च्या एप्रिलच्या सुरुवातीला, दगडाबाईंचे दीर बन्सीधरराव दुकानात आले होते. सोसायटीचं, निवडणुकीचं, सगळं छापायचं काम ते आपल्याकडे आणायचे हे तुला माहीत आहे. ते आले की मी खुर्ची सोडून उभा राहायचो, हेही तू पाहिलं आहेस. चहा झाला. मग म्हणाले, "आश्रुबा, माधवीच्या पत्रिकेत निमंत्रक म्हणून माझं नाव येऊ द्या. वहिनी म्हणत्यात माझं टाका. आता इधवा बाईच्या नावानं लगनाचं आवतन गेल्यालं कुटं बगितलंय का? पावनेरावळे हसतील."

मी म्हणालो, "बाईंनी स्वतःच भरलं तर?"

"मग भरता येऊ नाई असं करा की. तुमच्या त्या डब्यात कुलूप हाय म्हणत्यात. बाईला सांगा, कम्प्युटरमंदी व्हत न्हाई. बाईमाणसाला काय कळतंय."

ते गेल्यावर मी त्यांचं नाव घातलं आणि कुलूप लावायला गेलो. कारण लिहा, असं आलं. काय लिहू? "विधवेचं नाव नको" असं माझ्या हातून लिहवेना. तेवढी लाज तेव्हा होती. पण कुलूप न लावण्याइतकी नव्हती. रिकामं सोडून पाहिलं, प्रोग्राम ऐकेना. मग टिंब दिलं. टिंब त्याने घेतलं.

पुढचं तुला माहीत आहे, पण मी ते माझ्या हाताने एकदा लिहितो. तू जयंतीला आली होतीस. दुसऱ्या दिवशी, १५ एप्रिलला, दगडाबाई छापलेल्या पत्रिकांचा गठ्ठा घेऊन दुकानात आल्या. त्यात बन्सीधररावांचं नाव होतं, दगडाबाईंच्या वारलेल्या मालकांचं, पंडितरावांचं, होतं, चुलत्यांची, मामांची होती. आईचं कुठेच नव्हतं. लग्नाला पंधरा दिवस होते. त्या म्हणाल्या, परत छापा. मी म्हणालो, होत नाही. त्या तुझ्याकडे वळल्या. "बाई, तू येवढी शिकल्याली. तूच माझं नाव बंद केलंस व्हय?"

तू माझ्याकडे पाहिलंस. दुकानात आणखी तीनचार माणसं होती. मी म्हणालो, "तिनंच केलंय सगळं. आमी अडाणी मानसं, आमाला त्यातलं काय कळतंय."

संध्याकाळी आईला म्हणालीस की सुट्टी संपली, आणि गाडीने निघून गेलीस. मी मनाला समजावलं की पोरीला राग आला, चार दिवसांनी जाईल. खरं सांगायचं तर मला वाटत होतं, कुलूप कोणी लावलं ते तुला ठाऊकच नाही. दगडाबाई टोचून बोलल्या म्हणून तू रुसलीस, असं धरून मी एक वर्ष नऊ महिने काढले.

परवा तुझ्या निरोपावरून परत बोट लावून वाचत बसलो, तेव्हा त्या मजकुराच्या खाली बारीक अक्षरात "नोंद पाहा" असं दिसलं. इतक्या दिवसांत मी ते कधी पाहिलं नव्हतं. तिथे बोट लावलं. उतरवून काढतो.

कुलूप लावले: आश्रुबा, ३ एप्रिल २०२३, दुपारी ४.१०.
नोंद पाहिली: धम्मशीला, १५ एप्रिल, सायंकाळी ६.१०.
नोंद पाहिली: धम्मशीला, १६ एप्रिल.
नोंद पाहिली: धम्मशीला, १८ एप्रिल.
नोंद पाहिली: धम्मशीला, २२ एप्रिल.
नोंद पाहिली: धम्मशीला, २९ एप्रिल, रात्री ११.४०.

माधवीचं लग्न ३० तारखेला होतं. त्यानंतर नोंद नाही.

म्हणजे घरातून निघण्याआधीच तुला सगळं कळलं होतं. तुझ्याकडेही चावी होती. दोन मिनिटांत उघडलं असतंस आणि दगडाबाईंना दाखवलं असतंस की हे बघा, लावणारा कोण. तू तसं केलं नाहीस. पुण्याहून रोज नाही, पण राहून राहून बघत होतीस, बाप कुलूप काढतो का. लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत वाट पाहिलीस.

माझ्या बापाचं नाव गावच्या कुठल्या कागदावर धड लिहिलं गेलं नाही. ज्याने लिहिलं त्याने मोडून लिहिलं. मी छापखान्यात जुळारी झालो तेव्हा तो म्हणाला होता, "आता नावं तुज्या हातात आली, नीट लाव." ही गोष्ट मी तुला लहानपणी किती वेळा सांगितली असेल. सांगताना माझा ऊर भरून यायचा. आता ती कोणाला सांगवत नाही.

मी काल ते कुलूप काढायला बसलो. काढतानाही कारण लिहावं लागतं. तिथे दोनच ओळी मावतात. मी लिहीत गेलो, बन्सीधरराव, जयंतीचा दुसरा दिवस, दुकानातली माणसं, तुझं गप्प उभं राहणं. चौकट भरली आणि पुढे अक्षर घेईना. म्हणून उरलेलं या कागदावर लिहिलं. कुलूप अजून काढलेलं नाही. दगडाबाईंना न सांगता गुपचूप काढलं, तर ती आणखी एक लबाडी होईल, असं वाटतं. आणि त्यांच्यासमोर जायची छातीही होत नाही.

बाबा

---

सेलू
४ फेब्रुवारी २०२५

चि. धम्मशीला,
सप्रेम जयभीम.

आधी आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाली, "मला वाटलं पोरगीच आखडू झाली. दोन वर्सं तिलाच बोल लावले म्या. फोनवर तिला म्हणले, बापाशी येवढा कसला ताठा. अवं, अन् तुमी ह्या खाटंवर बसून आयकत व्हता की ते." मी बसून ऐकत होतो हे खरं आहे. त्या दिवशी तिने मला वाढलं, पण समोर बसली नाही.

दुसऱ्या दिवशी टॅब पिशवीत घालून देवगाव फाट्याला गेलो. गिरणी चालू होती. त्या आवाजात सांगता येईना. मी उभाच राहिलो. दगडाबाईंनी दोन गिऱ्हाइकांचं दळण उरकलं, पट्टा थांबवला आणि म्हणाल्या, "बोला. उत्तर आलं का पोरीचं?"

मी सांगितलं. सगळं, क्रमाने. माझा आवाज मलाच अनोळखी वाटत होता. त्या डोक्यावरचं पीठ झटकत ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "बन्सीधरभावजींचं मला ठाव हाय. ते तसलेच हायेत, त्यांचं मला नवल न्हाई. तुमचं वाटायलंय. तुमी नावं लिव्हणारे."

मी म्हणालो, माफ करा.

"माफ करून काय व्हतंय? माधवीच्या पत्रिकेत म्या न्हाई ते न्हाईच. तिच्या सासरी ती पत्रिका काचंच्या चौकटीत लावून ठिवलीय. दर खेपंला जाते अन् वाचते." मग म्हणाल्या, "मी तुमच्या पोरीला चारचौघांत बोलले. ती तोंडातून शबूद काडली न्हाई. तिला तुमी हे सांगितलं का?"

पत्र लिहिलंय म्हणालो.

"पत्र तिच्यापुरतं झालं. हितं काय लिव्हणार? मागल्या बारीला टिंब दिलं व्हतं ना? आता माझ्यासमूर लिवा. वैष्णवी, वाच गं ते लिव्हतील तसं."

मी गिरणीच्या ओट्यावर बसलो. दोन अक्षरं चुकली, ती वैष्णवीने दुरुस्त करायला सांगितली. दोन ओळींत बसवायचं होतं. जन्मभर दुसऱ्यांचा मजकूर जागेत बसवला, हा बसवायला सगळ्यात जास्त वेळ लागला. काय लिहिलं ते इथे सांगत नाही. वैष्णवीने मोठ्याने वाचलं. दगडाबाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "हां. आता काडा."

कुलूप निघालं. चौकट पिवळी झाली. मी टॅब त्यांच्यापुढे धरला, पण त्यांनी हात मागे घेतले, पिठाचे आहेत म्हणून. मग लुगड्याला पुसले आणि एकेक अक्षर शोधत स्वतःच भरलं. श्रीमती दगडाबाई पंडितराव. वैष्णवी मधे सांगायला गेली तर तिच्यावर खेकसल्या. नाव लांब झालं तशी अक्षरं आपोआप बारीक होत ओळीत बसत गेली, शेजारचं काही हललं नाही. तू हे मुद्दाम केलं होतंस ना? मला तेव्हा त्याची गरज कळली नव्हती.

पत्रिका परवा छापून दिल्या. एक प्रत या पाकिटात घातली आहे. दगडाबाईंनी ती तुझ्यासाठी वेगळी काढून दिली आणि पाकिटावर तुझं नाव घालायला सांगितलं. लग्नाला येशील का, असं त्यांनी विचारलं आहे. मी उत्तर दिलं नाही. तुझ्या वतीने आता मी कोणाला काही सांगणार नाही.

बन्सीधररावांचा माणूस येऊन सोसायटीचे कागद उचलून घेऊन गेला. जाऊ दे.

दुकानातल्या त्या दिवशीच्या माणसांपैकी दोघे भेटले, त्यांना सांगितलं. एकाला तर आठवतच नव्हतं. मला वाईट वाटलं. ज्यासाठी मी तुला खोटं पाडलं, ते त्याच्या लक्षातही राहिलं नव्हतं.

आता एवढंच मागतो. पत्र लिहू नकोस, फोनही नको. तुला माझ्याशी काय बोलावं ते सुचणार नाही, हे मी समजू शकतो. पण एकदा तुझ्या कम्प्युटरवर ती चौकट उघड, "नोंद पाहा" म्हणतात तिथे बोट लाव आणि मी गिरणीत बसून लिहिलेल्या दोन ओळी वाच. वाचल्यास की खाली तुझं नाव आणि वेळ येईल. तू पंधरा दिवस माझ्यासाठी त्या जागेकडे पाहत होतीस. आता सकाळी दुकान उघडलं की आधी मी तिथेच बोट लावतो. शेवटची ओळ अजून माझीच आहे. तिच्याखाली तुझं नाव लवकर येऊ दे.

तुझा बाबा
आश्रुबा